नाही म्हणायच्या रीती

आपल्याकडची माणसं कशाकशाने ‘नाही’ म्हणाली, त्याची ही टिपणं. क्रम लावलेला नाही. यातल्या काही रीती संपल्या. काहींचं नाव उरलं, पण जीव गेला. एकदोन संपल्या ते बरंच झालं. ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द आता फ्लेक्सच्या वरच्या पट्टीत छापलेले दिसतात. पूर्वी निषेध करणाऱ्याच्या हातात काहीतरी असायचं, आणि त्याच्या समोर कोणीतरी असायचं. त्या दोन्ही गोष्टींची ही नोंद.

धरणं

आज धरणं म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीबाहेर मंडप, सतरंज्या, माइक आणि ठरलेल्या वेळी निवेदन. मूळ धरणं फार कडक होतं. ज्याचं येणं थकलंय तो माणूस देणेकऱ्याच्या दारात येऊन बसायचा आणि अन्न सोडायचा. तो उठेपर्यंत घरातल्यांनीही जेवायचं नाही, त्याला ओलांडून बाहेर पडायचं नाही, असा दंडक होता. दारातला माणूस उपाशी मेला तर त्याचं पाप घरावर. भूक दोघांनी मिळून सोसायची, त्यामुळे बोलणी फार काळ लांबत नसत.

पगार थकलेले शिपाई आपल्या सरदाराच्या डेऱ्यापुढेही असेच बसत. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरलेल्या ब्राउटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत ही रीत नोंदवून ठेवली आहे. पुढे १८६० च्या दंडसंहितेत ५०८ वं कलम आलं. दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काही करवून घेणं हा गुन्हा ठरला, आणि त्या कलमाखाली कायद्याने दिलेलं पहिलंच उदाहरण दुसऱ्याच्या दारात धरणं धरून बसणाऱ्याचं होतं.

पापाची भीती घालणं मला नको आहे. पण त्या जुन्या धरण्यात समोरच्याला दार होतं आणि दारामागे चूल होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्याच्यामुळे आपण उपाशी आहोत त्याला आपल्याकडे पाहावं लागायचं. आता ज्याच्याविरुद्ध बसायचं तो कुठल्या मजल्यावर, कुठल्या शहरात, कधी कधी कुठल्या देशात आहे हेच कळत नाही. उपोषण मैदानात चालतं, आणि ज्यांच्यासाठी ते आहे त्यांच्या जेवणाच्या वेळा चुकत नाहीत. पुढच्या बऱ्याच नोंदींत हीच गोष्ट फिरून येईल, कारण माझ्या मते खरं नुकसान इथेच झालं आहे.

गाव उठणं

सारा झेपेना, कमाविसदाराचा जाच सोसवेना, की रयत गाव सोडायची. गुरं, भांडी, बियाणं गाड्यांवर घालून शेजारच्या परगण्यात. पांढरी ओस, काळी पडीक. मग सरकारातून कौल जायचा: परत या, मागचं एवढं सोडलं, पुढे एवढंच घेऊ. मराठेशाहीच्या दफ्तरांत अशा कौलांचे कागद सापडतात. जमीन भरपूर होती आणि कसणारे हात थोडे, म्हणून रयतेच्या निघून जाण्याला किंमत होती.

आजही गावं उठतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडच्या बाजूने ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन निघतात आणि घरात म्हातारी माणसं राहतात. त्यांच्या मागे कौल घेऊन कोणी जात नाही. त्यांचं जाणं हे कोणाला दिलेलं उत्तर आहे, असं कोणी वाचतही नाही.

खतं आणि वह्या

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात काळूराम नावाच्या सावकाराने हुकूमनामा मिळवून तिथल्या देशमुखाचा वाडा घेतला आणि पाडायला काढला. गावाने त्याच्याशी सगळा व्यवहार तोडला. शेतावर कोणी जाईना, पाणी कोणी भरेना, न्हावी दाढी करीना. ही गोष्ट आसपासच्या गावांत पसरली. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ ला, भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या घरांत आणि दुकानांत शिरले. त्यांना हवे होते कर्जाचे कागद. खतं, रोखे, हिशेबाच्या वह्या बाहेर काढून त्यांची होळी झाली. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत हेच घडलं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला.

त्या दंग्यात जाळपोळ आणि लूटही झाली, ती झाकायचं कारण नाही. पण एक गोष्ट आयोगालाही दिसली होती: जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले, तिथे सहसा त्याच्या अंगाला हात लागला नाही. लोकांना आपलं दास्य नेमकं कुठे ठेवलेलं आहे ते ठाऊक होतं. ते एका पेटीत होतं, आणि पेटी गावात होती. आजच्या शेतकऱ्याचं कर्ज बँकेच्या संगणकात असतं. वसुलीचा फोन येतो तो कोण करतो, कुठून करतो, त्याला माहीत नसतं. त्याला जाळण्यासारखा कागद सापडत नाही, आणि मग तो स्वतःलाच संपवतो. हे लिहिताना हात थांबतो, पण दोन्ही गोष्टी याच मातीत घडल्या आहेत आणि त्या शेजारी शेजारी ठेवूनच पाहायला हव्यात.

वस्तरा

१८९० साली मुंबईत न्हाव्यांनी सभा भरवली आणि ठरवलं की यापुढे विधवांचं केशवपन करायचं नाही. मागे सत्यशोधक चळवळीची शिकवण होती, नारायण मेघाजी लोखंड्यांची मेहनत होती. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे ते हेच लोखंडे. ज्या घरांतल्या बायकांसाठी हे चाललं होतं ती घरं न्हाव्यांच्या जातीची नव्हती. संपात मजुरी वाढवून मागितलेली नव्हती. उलट मिळणारी मजुरी सोडलेली होती. आपल्या हाताने दुसऱ्याचं वाईट होतंय, तर हातच थांबवू, एवढंच. या संपाचं स्मारक मी कुठे पाहिलेलं नाही.

गावकीचा बहिष्कार

ही रीत गेलीच पाहिजे. करड्यात सावकाराविरुद्ध चाललेलं हत्यार पिढ्यान्‌पिढ्या दुबळ्यावरच जास्त चाललं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेल्या माणसांनी प्यालं, आणि त्यानंतर त्यांना मार खावा लागला. गावोगाव अस्पृश्यांना वाळीत टाकलं गेलं, काम बंद, दाणा बंद. जातपंचायतींनी हेच आपल्या माणसांवर वापरलं. रायगड आणि रत्नागिरीच्या गावांतून आपल्या काळातही अशा तक्रारी येत राहिल्या. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा आहे. एवढ्या उशिरा.

मेलेलं ढोर न ओढणं

महाडच्या त्याच वर्षांतली, महारांनी चालवलेली दुसरी रीत. मेलेली जनावरं ओढायची नाहीत, मेलेल्या जनावराचं मांस खायचं नाही, गावाचे सांगावे घेऊन पळायचं नाही. ही कामं सोडली म्हणजे हक्काची भाकरी सुटायची, बलुतं सुटायचं, इनामाचा तुकडा सुटायचा, आणि वर मार. तरी गावोगाव ती सोडली गेली. मुंबई राज्यात महार वतनं कायद्याने बंद व्हायला १९५८ उजाडलं. घराघरांत त्याआधी तीस वर्षं ती बंद पडत आली होती. कोणा एका दिवशी, कोणा एका म्हाताऱ्याने काठी आणि घोंगडं खुंटीला लावलं, आणि त्याची तारीख कोणी लिहून ठेवली नाही.

विळा

१९३० च्या पावसाळ्यात विदर्भात पुसदला बापूजी अणे राखीव रानात गेले आणि विळ्याने गवत कापलं. एवढाच गुन्हा. मग साताऱ्याकडे बिळाशी, नाशिककडे बागलाण, कुलाब्यात चिरनेर. चिरनेरला २५ सप्टेंबरला आक्कादेवीच्या डोंगराजवळ गोळीबार झाला, आदिवासी आणि आगरी माणसं मेली, सरकारी बाजूचीही मेली. समुद्रकाठी शिरोड्याला आणि वडाळ्याला त्याच वर्षी मीठ उचललं गेलं.

गवत आणि मीठ यांची निवड करणाऱ्याच्या बुद्धीला नमस्कार करावासा वाटतो. कायदा मोडायला काय लागतं? रोजच्या हातातली वस्तू आणि रोजच्या गरजेची गोष्ट. गवत कापायला शिकवावं लागत नाही. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं त्यालाही सरकारचा अन्याय त्या पेंढीत नीट दिसत होता.

न पेरणं

अलिबाग-पेण भागातल्या चरी, कोपर आणि आजूबाजूच्या गावांनी १९३३ पासून सहा वर्षं खोतांची जमीन कसली नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. खारवटात बांध घालून, पाणी अडवून, पोटात अन्न नसताना पिकवायचं, आणि निम्म्याहून जास्त खोताच्या खळ्यावर नेऊन घालायचं, त्यातही वरून वेठ. त्यांनी ठरवलं, पेरायचंच नाही. मग मजुरी केली, लाकूडफाटा विकला, खाडीत मासे धरले, पण औत धरलं नाही. बाबासाहेब चरीला येऊन गेले. १९३९ च्या कूळ कायद्याने मुंबई इलाख्यातल्या कुळांना पहिल्यांदा जरा आधार दिला, त्याच्या मुळाशी जी धग आहे तिच्यात ही सहा पडीक वर्षं आहेत.

सहा वर्षं. शेतकरी कुटुंबाला एक हंगाम चुकला तर काय होतं हे ज्याने पाहिलंय त्याला हा आकडा कळेल. २०१७ च्या जूनमध्ये पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप उभा राहिला, दूध रस्त्यावर ओतलं गेलं, आणि काही दिवसांतच पुढाऱ्यांत फाटाफूट झाली. मी संपकऱ्यांना दोष देत नाही. कर्जाच्या हप्त्यावर गाय घेतलेल्याला सहा वर्षं थांबता येत नाही.

फळ्या

दुकानाला लाकडी फळ्या असायच्या. प्रत्येकीवर खडूने किंवा रंगाने आकडा. हरताळाच्या दिवशी त्या चौकटीत एकेक करून बसवायच्या, शेवटची फळी, मग आडणा. ६ एप्रिल १९१९ ला रौलट कायद्याविरुद्ध मुंबईतली दुकानं अशी बंद झाली. दुकानदार स्वतः बंद करायचा, हे त्यातलं मुख्य. नंतर ‘बंद’ आला. त्यात दगडाच्या भीतीने लोखंडी शटर खाली येऊ लागली, आणि हरताळाची अब्रू गेली.

सहा दिवस

२२ जुलै १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, वर्षाला एक दिवस. गोळ्या झेलल्या, पगार बुडाला. पगारवाढीसाठी नव्हे, एका माणसासाठी. कामगारांचं राजकारण आणि पोट वेगवेगळं ठेवायला सांगणाऱ्यांनी हे सहा दिवस आठवावेत.

द्वारसभा

पाळी सुटायची वेळ. गिरणीच्या दरवाजातून शेकडो माणसं एकदम बाहेर पडायची, अंगाला कापसाची तूस, हातात रिकामा डबा. समोर चहावाल्याच्या बाकावर कोणीतरी उभा राहायचा आणि बोलायला लागायचा. ध्वनिक्षेपक असेल नसेल. जाणारा माणूस पाच मिनिटं थांबायचा, ऐकायचा, मध्येच प्रश्न विचारायचा, पटलं नाही तर चालू लागायचा. पुढारी खाली पडला की उभा राहिला, ते तिथेच ठरायचं. नाक्यावर काळा फळा असायचा, त्यावर खडूने उद्याच्या सभेची वेळ. पावसात पुसला गेला की पुन्हा लिहायचा.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यांच्या मागण्यांत पगार होता, बोनस होता, आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा हीही मागणी होती. त्या कायद्याप्रमाणे एका धंद्यात एकाच मान्यताप्राप्त युनियनला बोलायचा अधिकार होता. ‘आमच्या वतीने कोण बोलणार ते आम्ही ठरवू,’ असं त्यांचं म्हणणं होतं. तो संप कोणी रीतसर मागे घेतला नाही. माणसं एकेक करून कामावर गेली, गावाला गेली, भाजी विकायला बसली, खचून मेली. गिरण्यांच्या जमिनींवर बुरुजासारख्या इमारती आल्या. काही ठिकाणी चिमणी शोभेला ठेवली आहे. दरवाजा मात्र बहुतेक ठिकाणी गेला, आणि दरवाजाबरोबर दारापुढची सभा गेली.

जेवण पोचवणारी पोरं हल्ली संप करतात तेव्हा सगळ्यांनी मिळून ॲप बंद ठेवायचं ठरवतात. त्यांना मालकाचा दरवाजा ठाऊक नाही. पाळी सुटायची वेळ नाही, कारण पाळीच नाही. सगळी एका वेळी एका जागी येतील अशी जागा शहरात उरलेली नाही, म्हणून ती हॉटेलांच्या मागच्या गल्लीत दुचाकीवर बसून फोनवर एकमेकांना निरोप धाडतात. द्वारसभा तिथे पुन्हा जन्माला येईल का, हे मला खरंच पाहायचंय.

सामूहिक रजा

संपाला परवानगी मिळेना तेव्हा काढलेली वाट. सगळ्यांनी एकाच दिवशी किरकोळ रजेचा अर्ज टाकायचा. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून घेतलेली रजा हाही संपच मानला आहे, आणि संपाला आगाऊ नोटीस हवी. वाट बुजली.

लेखणी बंद

हजेरीवर सही करायची, टेबलाशी बसायचं, फायलीला हात लावायचा नाही. १९७७ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या ५४ दिवसांच्या संपाआधी आणि नंतरही कचेऱ्यांनी हे हत्यार वापरलं. आता टेबलावर लेखणी कमी आणि कळफलक जास्त. नाव मात्र अजून तेच चालतं.

लाटणं

१९७२. सलग दुष्काळ, रेशनच्या दुकानापुढे रांगा, धान्य म्हणून परदेशी लाल मिलो, रॉकेलसाठी डबे. मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर आणि तारा रेड्डी. त्यांचे पक्ष एकमेकांशी भांडत होते आणि या एकत्र चालत होत्या. चाळीचाळींतून बायका निघाल्या, हातात लाटणी. ठरल्या वेळी खिडक्यांतून थाळ्या वाजल्या.

लाटण्याची निवड कोणाची, ते एकीचं नाव सांगता येणार नाही. पण ज्या बाईला सभेत बोलायची सवय नाही, झेंडा धरायचा संकोच वाटतो, तिच्या हाताला लाटणं अनोळखी नव्हतं. त्यासाठी वर्गणी लागत नव्हती, नवऱ्याची परवानगी लागत नव्हती. आणि त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता: पीठ नाही तर हे लाटणं घेऊन आम्ही घरात काय करू? मंत्री या बायकांना भेटायचं टाळत असत, आणि या बायका त्यांना गाठत असत.

आज महागाईवरचा मोर्चा निघतो तेव्हा एखादी कार्यकर्ती कॅमेऱ्यासाठी लाटणं उंच धरते, मागे चारपाचजणी. रिकाम्या सिलिंडरला हार घातलेला असतो. थाळीचा आवाजही बदलला. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी देशभर थाळ्या वाजल्या त्या डॉक्टर-परिचारिकांबद्दलच्या कृतज्ञतेपोटी, सरकारने सांगितलं म्हणून. त्या कृतज्ञतेला नाव ठेवायचं नाही. पण त्या वर्षी दहा-बारा वर्षांच्या असलेल्या मुलांना थाळीचा तोच एक अर्थ ठाऊक आहे. रिकामी असल्यामुळेही ती वाजवायची असते, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

डफ

सत्यशोधकांचे जलसे. मग आंबेडकरी जलसे, भीमराव कर्डकांचे आणि त्यांच्यासारख्या अनेकांचे. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक. अण्णा भाऊंनी तमाशातल्या गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आणलं, गवळण बदलली, वग नव्याने लिहिला, आणि त्याला लोकनाट्य म्हणून उभं केलं. अमर शेखांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत हजारो माणसांच्या टोकापर्यंत जायचा.

कलापथकाची खासियत अशी की निषेध ऐकायला माणसं स्वखुशीने, रात्र जागून बसायची. हसायची, रडायची, आणि घरी जाताना चाल तोंडात असायची. आता मोर्चापुढे भाड्याचा डीजे लावलेला टेम्पो असतो आणि त्या आवाजात शेजारच्याशी बोलताही येत नाही. तरी पुण्या-मुंबईतल्या वस्त्यांत, भीमजयंतीच्या दिवसांत, एखाद्या मंडपात डफ घेतलेली पोरंपोरी अजून भेटतात. त्यांच्यातल्या काहींनी गाण्यापायी तुरुंगही पाहिला आहे. या नोंदीवर ‘संपलं’ असा शेरा मारायला मी तयार नाही.

स्टेन्सिल, खळ, बादली

सायक्लोस्टाइलचं निळसर पत्रक. मैद्याची शिजवलेली खळ. रात्री दोघं, एकाच्या हातात बादली, दुसऱ्याच्या काखेत गुंडाळी. सकाळी भिंत बोलायची.

काळं निशाण

३ फेब्रुवारी १९२८ ला सायमन कमिशन मुंबईला उतरलं तेव्हा काळी निशाणं होती. ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला पंडित नेहरू आले, तेव्हा वाईकडच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संयुक्त महाराष्ट्र समितीने माणसं उभी केली. हजारो माणसं, काळी निशाणं, आणि शिस्त. दगड नाही. पंतप्रधानांची गाडी त्यांच्या मधून गेली आणि त्यांनी ती माणसं पाहिली. अडीच वर्षांनी महाराष्ट्र झाला. त्यासाठी त्याआधी शंभराहून अधिक माणसं गोळीबारात गेली होती, आणि प्रतापगडच्या रस्त्यावरचा संयम त्यानंतरचा होता, म्हणून तो मला फार मोठा वाटतो. १५ ऑगस्ट १९७२ ला दलित पँथरच्या तरुणांनी काळा स्वातंत्र्यदिन पाळला तेव्हाही हेच कापड होतं.

आता मंत्र्याचा दौरा ठरला की आदल्या रात्रीच कार्यकर्त्याच्या घरी पोलीस प्रतिबंधात्मक नोटीस घेऊन येतात, सकाळी त्याला ठाण्यात बसवून ठेवतात. काही ठिकाणी सभेच्या मंडपाच्या दाराशी काळा रुमाल, काळी ओढणी काढून ठेवायला लावतात. मंत्र्याच्या गाडीच्या काचेतून काळा ठिपकाही दिसू नये याची ही सगळी काळजी. नेहरूंना दिसलं होतं. दिसल्यामुळे त्यांचं काही बिघडलं नाही, आणि आपलं काम झालं.

कोरी जागा

आणीबाणी आणि सेन्सॉरशिप लागल्यावर २८ जून १९७५ ला इंडियन एक्स्प्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. सकाळी चहाबरोबर पेपर उघडणाऱ्याला ती कोरी जागा वाचता आली. पडद्यावरच्या बातमीत कोरी जागा सोडता येत नाही. काढलेली बातमी नुसती नाहीशी होते.

त्याच वर्षी डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन होतं. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. आणीबाणीत अटक झालेले जयप्रकाश नारायण मुंबईत आजारी होते. दुर्गाबाईंनी सभेला त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं, शेजारी मंत्री बसलेले असताना. पुढे बाईंना अटक झाली. आजही संमेलनांत ठराव होतात. सगळ्यात शेवटी, लोक उठून जात असताना, ते वाचून दाखवले जातात.

ओवी

याला निषेध म्हणावं की नाही यावर मतं पडतील. माझ्या लेखी हा सगळ्यात जुना आहे. पहाटे जात्याशी बसलेली बाई, घर झोपलेलं, आणि तिच्या तोंडून सासरचं, बापाने पाहून न दिल्याचं, मुलगी झाली म्हणून ऐकलेल्या बोलण्याचं, सीतेला वनात धाडणाऱ्या रामाचं, सगळं बाहेर पडायचं. ऐकणारं एक जातं आणि समोर बसलेली दुसरी बाई. हेमा राईरकर आणि गी पॉयटवॅ यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या गावोगावच्या बायकांनी एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या राहिल्या. गावात पिठाची चक्की आली तेव्हा बाईचे कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. पण पहाटेची ती बोलायची जागा तिला पुन्हा कोणी दिली नाही.

काळा घोडा

मुंबईतलं जुनं विधानभवन रीगल सिनेमाजवळ होतं, म्हणून मोर्चा काळ्या घोड्यापाशी अडवायचे. काळा घोडा म्हणजे एडवर्ड राजाचा घोड्यावरचा पुतळा. तो १९६५ साली राणीच्या बागेत गेला तरी जागेचं नाव राहिलं, आणि मोर्चा अडवायची जागाही राहिली. तिथून सभागृह हाकेच्या अंतरावर. मंत्री चालत येऊन निवेदन घेऊ शकत होता, विरोधी आमदार सभागृहातून उठून मोर्चात येऊन बोलून परत जाऊ शकत होता. १९८१ साली विधानभवन नरिमन पॉइंटला गेलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस न्यायालयाचे आदेश झाले आणि मोर्चांना आझाद मैदानाचा एक भाग नेमून दिला गेला. रहिवाशांना त्रास होत होता, रुग्णवाहिका अडकत होत्या, हे खरं. पण आज पालघरहून, गडचिरोलीहून आलेल्या बाईला आझाद मैदानातून ना मंत्रालय दिसतं, ना विधानभवन. ती आपलं म्हणणं एका पत्र्याच्या कुंपणाला सांगते.

पाय

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेले शेतकरी, बहुतेक आदिवासी, १२ तारखेला मुंबईतल्या आझाद मैदानात पोचले. दहावीच्या परीक्षा चालू होत्या, मुलांना वाहतुकीचा त्रास नको म्हणून त्यांनी शेवटचा टप्पा रात्री चालून काढला. पायांची सालपटं निघालेली. मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर उभे होते. मुख्य मागणी वनहक्काची होती: जी जमीन आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसतो ती आमच्या नावावर करा. २००६ चा वनहक्क कायदा हेच सांगतो. सरकारने लेखी आश्वासन दिलं.

२०१९ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा चालायला लागले, पुन्हा आश्वासन मिळालं. २०२३ च्या मार्चमध्ये दिंडोरीहून तिसऱ्यांदा निघाले. तेव्हा ते मुंबईपर्यंत आले नाहीत. ठाणे जिल्ह्यात वाशिंदला मुक्काम टाकला, आणि मंत्र्यांना चर्चेसाठी त्यांच्याकडे यावं लागलं. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत निवेदन केलं तरी लोक लगेच उठले नाहीत. घोषणा पुष्कळ ऐकल्या होत्या. आदेश जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांपर्यंत जायला हवा, आणि तो गेला असल्याचं आपल्या गावाकडून कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. मुक्कामात त्यांच्यातला एकजण वारला. १८ मार्चला ते परत फिरले. वनहक्काचे दावे अजून कचेऱ्यांत पडून आहेत, आणि सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर पुढच्या खेपेला कोण कोण येणार याची विचारणा चालू असते.